मार्सेलसने हॅनिबलला खरंच हरवलं होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल आणि त्याच्याशी इटलीत लढलेला रोमन सेनापती मार्सेलस यांच्याबद्दल एका पुस्तकात ‘नोला इथे मार्सेलसने हॅनिबलला पहिल्यांदा हरवलं’ असं वाचलं, दुसऱ्यात ‘झामाच्या लढाईपर्यंत हॅनिबल अजिंक्य होता’ असं. (झामाला पुढे रोमन सेनापती सिपिओने त्याला हरवलं.) दोन्ही खरं कसं असेल? आणि पाच वेळा कॉन्सल, म्हणजे रोमच्या दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, झालेला हा मार्सेलस साठी उलटल्यावर एक टेकडी बघायला जातो आणि मारला जातो, हा शुद्ध वेडेपणा नाही का? वाचक मंडळात अर्धा तास बोलायचंय, म्हणून ‘एका वाक्यात सांगा’ असंही तुम्ही लिहिलंय.

एका वाक्यात हवंच असेल तर घ्या: मार्सेलसने हॅनिबलला मैदानात लोळवलं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण इटलीत तो जिथे जिथे समोर उभा राहिला तिथे बहुतेक वेळा हॅनिबलला हवं होतं ते मिळालं नाही. आता या वाक्यावर अर्धा तास बोलायचं तर तुम्हाला ते पटायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कॉलेजात अठ्ठावीस वर्षं प्राचीन इतिहास शिकवला. पहिली पाच-सहा वर्षं मीही जुन्या नोट्स वाचून ‘नोलाचा विजय’ असंच फळ्यावर लिहीत असे. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, हॅनिबल तिथे हरला होता, तर पुढच्या वर्षी पुन्हा नोलालाच कसा आला? आणि त्याच्याही पुढच्या वर्षी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली. लढाईचं वर्णन वाचताना मेलेल्यांचे आकडे हाताने झाकायचे आणि एवढंच विचारायचं: दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाचं सैन्य कुठे होतं, आणि महिन्याभराने कुठे होतं? आकडा फुगवणं सोपं असतं. सैन्याची जागा फुगवता येत नाही, कारण ती पुढच्या घटनेशी जुळावी लागते.

आधी साक्षीदारांबद्दल, कारण तुम्हाला भेटलेला विरोधाभास तिथूनच सुरू होतो. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने मार्सेलसचं चरित्र लिहिलं आणि शेवटी हा वाद उघडच मांडला. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या मते मार्सेलसने हॅनिबलला एकदाही हरवलं नाही, असं तो नोंदवतो, आणि मग म्हणतो की मी लिव्ही, नेपोस, राजा जुबा वगैरेंवर विश्वास ठेवतो. म्हणजे तुमची दोन पुस्तकं भांडत नाहीत, त्यांच्यामागचे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेखक भांडताहेत. पॉलिबियस काळाने जवळचा आणि लष्करी बाबतीत डोळस, पण तो सिपिओ घराण्याच्या छायेत वावरला आणि झामाचा विजेता त्याच घराण्यातला. ‘सिपिओ येईपर्यंत हॅनिबल अजिंक्य’ हे वाक्य त्या घराला गोड लागणारच. रोमन इतिहासकार लिव्ही पहिला सम्राट ऑगस्टसच्या काळात लिहीत होता, आणि ऑगस्टसचा अकाली गेलेला भाचा आणि जावई मार्सेलस याच वंशातला. रोममध्ये आजही ज्याच्या भिंती उभ्या आहेत ते मार्सेलसचं नाट्यगृह त्या मुलाच्या नावाचं. आपण घराण्यांच्या कैफियती आणि बखरी वाचताना ‘ही कोणाच्या वाड्यात लिहिली’ हे आधी बघतो ना, तसंच इथे करायचं. म्हणून बखर फेकून द्यायची नसते, हेही तितकंच खरं.

याचं चांगलं उदाहरण मार्सेलसच्या पहिल्या मोठ्या पराक्रमात आहे. इ.स.पू. २२२ मध्ये, हॅनिबल इटलीत उतरण्याच्या चार वर्षं आधी, मार्सेलस पहिल्यांदा कॉन्सल होता आणि उत्तर इटलीत गॉल टोळ्यांशी युद्ध चालू होतं. क्लॅस्टिडियम इथे त्याने गॉल राजा व्हिरिडोमारसला द्वंद्वात स्वतःच्या हाताने मारलं आणि त्याची शस्त्रं ज्युपिटरच्या देवळात वाहिली. शत्रूच्या सेनापतीला स्वतः मारून आणलेल्या या लुटीला रोममध्ये सर्वोच्च मान होता. परंपरेप्रमाणे रोम्युलस आणि कॉसस यांच्यानंतर तो मिळवणारा मार्सेलस तिसरा आणि शेवटचा. पॉलिबियसने त्याच मोहिमेचं वर्णन केलंय, पण द्वंद्वाबद्दल चकार शब्द नाही, आणि मेडिओलानम, म्हणजे आजचं मिलान, घेण्याचं श्रेय दुसऱ्या कॉन्सलला, एका सिपिओला! मग द्वंद्व खोटं? नाही. नेव्हिअस या त्या काळातल्याच नाटककाराने ‘क्लॅस्टिडियम’ नावाचं नाटक लिहिलं होतं. प्रसंग घडून गेलेल्या पिढीसमोर तो रंगमंचावर आणायचा तर मुळात काहीतरी घडलेलं असावं लागतं. पॉलिबियस गप्प आहे म्हणजे घडलंच नाही, असं समजू नका.

आता नोला. इ.स.पू. २१६, ऑगस्ट. कॅनीच्या लढाईत हॅनिबलने रोमचं सैन्य कापून काढलं. मार्सेलस तेव्हा प्रेटर, म्हणजे कॉन्सलच्या खालच्या पदावर, होता आणि सिसिलीला जायच्या तयारीत ऑस्टिया बंदरावर होता. त्याने दीड हजार माणसं रोमच्या रक्षणाला पाठवली, कॅनीतून वाचलेल्यांचा ताबा घेतला आणि तो कॅम्पानिया प्रांतात आला. तिथे कॅपुआ हे इटलीतलं रोमखालोखाल मोठं शहर हॅनिबलला मिळालं होतं, आणि पुढचा घास नोला होता. शहराची सभा रोमच्या बाजूची, सामान्य लोक हॅनिबलच्या. म्हणजे तटाबाहेर हॅनिबल आणि तटाच्या आत दार उघडायला तयार बसलेली माणसं.

ल्युसियस बँटियस हा तिथला तरुण स्वार कॅनीत रोमच्या बाजूने लढला होता. प्रेतांच्या ढिगात अर्धमेला सापडला तेव्हा हॅनिबलने त्याच्यावर उपचार करून, भेटी देऊन घरी पाठवलं. साहजिकच तो हॅनिबलचे गोडवे गात होता. मार्सेलसने त्याला बोलावून त्याच्या शौर्याचं कौतुक केलं, एक उत्तम घोडा आणि पाचशे दिनार दिले, आणि आपल्याकडे कधीही येण्याची मोकळीक दिली. बँटियस कायमचा फिरला. पण ही गोष्ट सांगताना दुसरी बाजूही सांगा. हॅनिबल निघून गेल्यावर मार्सेलसने फितुरीच्या आरोपावरून सत्तरहून जास्त नोलाकरांची मुंडकी उडवली. वर्गात मी पहिली गोष्ट सांगितली की मुलं खूश व्हायची, आणि दुसरी सांगितली की शांत.

लढाई झाली ती अशी. मार्सेलसने नगरवासीयांना तटाजवळ यायला बंदी केली आणि सैन्य तीन दारांच्या आत दडवलं. मधल्या दारामागे कसलेले सैनिक आणि रोमन घोडदळ, बाजूच्या दोन दारांमागे नवखे आणि मित्रराज्यांचे लोक. तटावर सामसूम दिसली तेव्हा हॅनिबलला वाटलं आतला कट फुटला. त्याने काही सैन्य वेढ्याचं सामान आणायला छावणीकडे पाठवलं. तेवढ्यात मधलं दार उघडलं, आणि झटापट रंगात आल्यावर बाजूची दोन्ही. हॅनिबलचं हुकमी हत्यार म्हणजे घोडदळाने बगल गाठून घेरणं. इथे रोमनांच्या पाठीशी तट आणि समोर अरुंद जागा, त्यामुळे घेरायला वावच नव्हता. माझ्या मते या लढाईचं सगळं मर्म या जागेच्या निवडीत आहे.

आता आकडे झाका. हॅनिबल नोलाहून निघाला, त्याने अचेरी घेऊन जाळलं, मग कॅसिलिनमला वेढा घातला आणि हिवाळा कॅपुआत काढला. खरोखर मार खाल्लेलं सैन्य इतकं मोकळं फिरत नाही. पण नोला त्याला मिळालं नाही. पुढच्या वर्षी आला तेव्हा मिळालं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही, आणि युद्ध संपेपर्यंत ते रोमचंच राहिलं. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं: तो पुन्हा पुन्हा आला कारण त्याचं सैन्य शाबूत होतं, आणि यावं लागलं कारण शहर हाती लागलं नव्हतं. गंमत म्हणजे खुद्द लिव्हीही इथे संयम पाळतो. काहीजण शत्रूचे अठ्ठावीसशे मेले म्हणतात, पण मी ते ठामपणे सांगायला धजत नाही, असं तो लिहितो. पुढे त्याचं मत असं की हॅनिबलकडून न हरणं हे त्या वेळी नंतर त्याला हरवण्यापेक्षा कठीण होतं. भाषणात लिव्हीचं हे मत जरूर वापरा.

मधली सिसिलीतली वर्षं तुम्ही थोडक्यात घ्या, नाहीतर तुमचा अर्धा तास आर्किमिडीजच खाऊन टाकेल. इ.स.पू. २१४ मध्ये तिसऱ्यांदा कॉन्सल असताना मार्सेलस तिकडे गेला. सिसिलीतल्या सिराक्यूज शहराचा म्हातारा राजा हिएरो गेला होता, नातू मारला गेला होता आणि शहर कार्थेजच्या बाजूला झुकलं होतं. समुद्राकडून साठ मोठी जहाजं घेऊन केलेला हल्ला आर्किमिडीजच्या यंत्रांनी उधळला आणि मार्सेलसला नाकेबंदीवर यावं लागलं. (आरशांनी जहाजं जाळल्याची गोष्ट पॉलिबियस, लिव्ही, प्लुटार्क तिघांतही नाही, तेव्हा ती सोडा.) मला यातला एकच तपशील मोलाचा वाटतो. कैद्यांच्या वाटाघाटी एका बुरुजाजवळ चालत, तेव्हा एका रोमनाने तटातले दगड मोजून उंचीचा अंदाज बांधला आणि वाटलं त्यापेक्षा तट बुटका निघाला. मग आर्टेमिसच्या उत्सवात पहारेकरी पिऊन झोपलेले असताना रात्री शिड्या लागल्या. ते इ.स.पू. २१२ साल. उरलेलं शहर साथीच्या रोगाने कार्थेजचं मदतीला आलेलं सैन्य संपवल्यावर आणि एका स्पॅनिश सरदाराच्या फितुरीने पडलं. आर्किमिडीज एका शिपायाच्या हातून मेला, शहर लुटलं गेलं आणि मूर्तींचे गाडेच्या गाडे रोमला आले. तरी सेनेटने मार्सेलसला पूर्ण विजययात्रा नाकारली, कारण सिसिलीतलं युद्ध संपलं नव्हतं आणि सैन्य तिथेच होतं. पुढे सिसिलीचे लोक त्याच्या क्रौर्याची तक्रार घेऊन रोमला आले, तेव्हा पुन्हा कॉन्सल झालेल्या मार्सेलसने दुसऱ्या कॉन्सलशी प्रांत बदलून घेतला आणि तो पुन्हा हॅनिबलसमोर आला.

आता इ.स.पू. २१० आणि २०९. तुमच्या प्रश्नाचा खरा निकाल या दोन वर्षांत आहे, आणि पाठ्यपुस्तकं हीच वर्षं दोन ओळींत उरकतात.

इ.स.पू. २१० मध्ये दक्षिण इटलीतल्या ल्युकेनियातल्या न्यूमिस्ट्रोला दोघं भिडले. लिव्ही सांगतो की रात्रीपर्यंत झुंज चालली, दुसऱ्या दिवशी रोमन रांगा लावून उभे राहिले पण हॅनिबल बाहेर आला नाही, आणि रात्री तो अपुलियाकडे निघून गेला. पण फ्राँटिनस नावाचा नंतरचा एक रोमन सेनानी डावपेचांच्या संग्रहात हीच लढाई हॅनिबलचा विजय म्हणून देतो: त्याने बगलेला खोलगट, तुटक वाटा ठेवल्या आणि जमिनीलाच तटबंदी बनवून नामांकित सेनापतीला हरवलं. रोमन माणूस रोमन नायकाविरुद्ध साक्ष देतो तेव्हा मी कान टवकारतो. तेव्हा न्यूमिस्ट्रोला ‘विजय’ म्हणू नका. पण नकाशा बघा: हॅनिबल पुढे, मार्सेलस त्याच्या मागोमाग, आणि व्हेनुसियाजवळ दिवसेंदिवस चकमकी.

पुढच्या वर्षी रोमन सेनापती फेबियसला हॅनिबलच्या हाती गेलेलं टॅरेंटम शहर परत घ्यायचं होतं. हा तोच फेबियस, ज्याने आधी हॅनिबलशी थेट लढाई टाळली होती. (वर्गात इथे कोणीतरी हमखास ‘गनिमी कावा!’ म्हणायचं. लढाई टाळणं आणि गनिमी कावा एक नव्हे, पण तो वेगळा विषय.) फेबियस रोमची ढाल आणि मार्सेलस रोमची तलवार असं पोसिडोनियसने म्हटल्याचं प्लुटार्क सांगतो, आणि भाषणं करणारे ते आवडीने उचलतात. मला ते वाक्य दिशाभूल करणारं वाटतं, कारण त्यातून दोघं दोन टोकांना ओढत होते असं भासतं. प्रत्यक्षात फेबियसने मार्सेलसला पत्र लिहून विनंती केली की मी टॅरेंटमला भिडतो, तोवर तू हॅनिबलला जोरदार युद्धात गुंतवून ठेव. ढाल आणि तलवार एकाच माणसाच्या दोन हातांत होती म्हणा हवं तर.

मार्सेलसने हॅनिबलला कॅनुसियमजवळ गाठलं आणि सलग तीन दिवस सोडलं नाही. पहिला दिवस अनिर्णित. दुसऱ्या दिवशी रोमन चक्क हरले, लिव्हीच्याच आकड्याप्रमाणे सत्तावीसशे मेले. संध्याकाळी मार्सेलसने सैन्याची अशी खरडपट्टी काढली की शिपायांना जखमांपेक्षा तीच लागली असावी. ज्या तुकड्यांनी निशाणं गमावली त्यांना गव्हाऐवजी सातूचं रेशन दिलं, आणि सातू हे जनावरांचं खाणं. तिसऱ्या दिवशी त्याच माणसांना पुढे उभं केलं. हॅनिबलचे हत्ती भाल्यांनी उलटे फिरले आणि त्याचंच सैन्य तुडवत गेले. लिव्ही शत्रूचे आठ हजार मेल्याचं सांगतो. झाका तो आकडा. रोमनांचे तीन हजार गेले आणि जखमी इतके की त्याच रात्री हॅनिबल इटलीच्या दक्षिण टोकाच्या ब्रुटियमकडे निघाला तेव्हा मार्सेलसला पाठलागच करता आला नाही. तो व्हेनुसियाला जाऊन ऐन उन्हाळ्यात मुक्काम ठोकून बसला.

हा विजय होता का? त्याच्याच शहरातल्या लोकांना विचारा. बिब्युलस नावाच्या ट्रिब्यूनने, म्हणजे सामान्य जनतेच्या निवडलेल्या प्रतिनिधीने, त्याच्यावर जाहीर आरोप केला की हॅनिबल इटलीत मोकाट फिरतोय आणि आमचा सेनापती भर उन्हाळ्यात सैन्य घरात झोपवतोय. त्याचं अधिकारपद काढून घ्यायची मागणी झाली. आठ हजार शत्रू मारून आलेल्या सेनापतीची अशी खरडपट्टी कोणी काढत नाही. म्हणून माझा निष्कर्ष असा की कॅनुसियमला रोमचं सैन्य जेमतेम टिकलं. पण हॅनिबल तीन दिवस तिथे अडकला, मग ब्रुटियममधल्या दुसऱ्या वेढ्याकडे वळला, आणि टॅरेंटमकडे धावला तोवर फेबियस शहरात पोचलेला होता. मार्सेलस आरोपाला उत्तर द्यायला स्वतः रोमला गेला, निर्दोष सुटला आणि लगेच पाचव्यांदा कॉन्सल निवडून आला. पहिल्या संतापानंतर मतदारांनाही हिशेब कळला असावा.

त्या तीन दिवसांवरचं हॅनिबलचं म्हणून लिव्ही जे देतो ते मला सगळ्यात बोलकं वाटतं: या माणसाला ना जिंकणं सोसतं ना हरणं, जिंकला तर मागे लागतो, हरला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा. शब्द हॅनिबलचे असतील किंवा लिव्हीने घातलेले असतील, वर्णन मात्र नकाशाशी तंतोतंत जुळतं. मार्सेलसने हॅनिबलला दिलेला त्रास म्हणजे नेमका हा.

आणि याच स्वभावात त्याचा मृत्यूही आहे. इ.स.पू. २०८ मध्ये दोन्ही कॉन्सल, मार्सेलस आणि क्रिस्पिनस, व्हेनुसिया आणि बँटिया यांच्यामध्ये हॅनिबलसमोर छावण्या टाकून होते. मध्ये झाडीची टेकडी. ती आपण घ्यावी असं शिपाई म्हणत होते. दोघं कॉन्सल स्वतः पाहायला निघाले, सोबत लिव्हीप्रमाणे दोनशेवीस स्वार, पॉलिबियसप्रमाणे त्याहून लहान तुकडी. हॅनिबलने झाडीत नुमिडियन, म्हणजे त्याचे उत्तर आफ्रिकेतले घोडेस्वार, दडवले होते. मार्सेलस जागीच पडला, त्याचा मुलगा जखमी झाला, क्रिस्पिनस जखमी होऊन निसटला आणि काही काळाने तोही वारला.

पॉलिबियस इथे निर्दय आहे. सेनापतीने अशा किरकोळ कामात जीव घालणं हे भोळसटपणाचं, सेनापतीला न शोभणारं, असा त्याचा शेरा आहे, आणि हॅनिबल स्वतःला किती जपत असे हे तो मुद्दाम शेजारी मांडतो. तुम्ही ‘वेडेपणा’ म्हणता तो हाच शेरा. मी अर्धा सहमत आहे. शत्रूच्या अंगाला अंग लावून राहणं ही ज्याची पद्धत, त्याला जमीन स्वतःच्या डोळ्यांनी बघावीच लागते; नोला त्याने तशीच राखली होती. पण दोन्ही कॉन्सलनी एकत्र जाणं, आणि पुढे टेहळे न पाठवणं, याला माझ्याकडे बचाव नाही.

त्याच्या मृत्यूने काय बिघडलं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण उत्तर तिथेच पक्कं होतं. हॅनिबलने त्याचा देह सन्मानाने दहन केला आणि बोटातली मुद्रेची अंगठी ठेवून घेतली. तिचा शिक्का मारून त्याने रोमच्या बाजूच्या सालापिया शहराला मार्सेलसच्या नावाने पत्र पाठवलं, आज रात्री येतोय म्हणून. क्रिस्पिनसने मरता मरता आजूबाजूच्या गावांना सावध केलं होतं. सालापियाकरांनी वेशीचा उभा सरकदरवाजा वर केला, रोमन वेशातले पुढचे सहाशे फितूर आत घेतले आणि दोर सोडून दिला. ती मसलत फसली. मग हॅनिबल कार्थेजच्या ताब्यातल्या लोक्री शहराकडे वळला. तिथे रोमनांनी समुद्रमार्गे यंत्रं आणून कडक वेढा घातला होता आणि आतला कार्थेजचा अधिकारी मागो आशा सोडून बसला होता. हॅनिबल येतोय हे कळताच मागो दार उघडून बाहेर पडला, आणि रोमन वेढ्याची यंत्रं तिथेच टाकून जहाजांकडे पळाले. आदल्या वर्षी हॅनिबल टॅरेंटमला वेळेत पोचला नव्हता. लोक्रीला पोचला, कारण वाटेत त्याला तीन दिवस अडवायला मार्सेलस नव्हता.